पट्टा किती रुंद ठेवायचा?

निवडणुकीचे अंदाज मांडणाऱ्याने आकडा छातीठोकपणे सांगितला की चर्चेत समोरचा गप्प होतो. ते गप्प होणं मला आवडतं, आजही आवडतं. तरीही २०२४च्या निकालांनंतर मी आकड्यासोबत तो कुठे डळमळीत आहे तेही सांगू लागलो. याला पळवाट म्हणतात. मला ते मान्य नाही.

आमच्या कामातला खरा पेच मतांच्या टक्केवारीवरून जागा काढण्याचा. त्या वर्षी लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं; जागा मात्र ३० आणि १७. ऑक्टोबरात हरियाणात भाजप-काँग्रेसमधला फरक पुन्हा टक्क्याच्या आत, जागा ४८ आणि ३७. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर या दोघांनाही साडेचार लाखांहून जास्त मतं पडली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. हजारेक लोकांच्या पाहणीत, नमुना अगदी चोख असला तरी, तीनेक टक्के इकडेतिकडे होणारच. तिला ४८ मतं दिसणार कशी?

त्यात चुका एकेकट्या येत नाहीत. कांद्याच्या निर्यातबंदीचा राग दिंडोरीत कमी धरला गेला, तर तो नाशकात आणि धुळ्यातही कमीच धरलेला असतो, आणि तिन्ही जागा एकाच बाजूला जातात. एकीकडची चूक दुसरीकडे भरून निघेल, हा भरवसा इथे चालत नाही. १ जून २०२४ला एका नामांकित एक्झिट पोलने रालोआला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, मिळाल्या २९३. म्हणजे पट्टा दिला होता, पण चाळीस जागांचा तो पट्टा सगळ्या चुका एकाच दिशेला गेल्यावर पुरणारा नव्हता. निकालाच्या दिवशी त्या संस्थेच्या प्रमुखांना कॅमेऱ्यासमोर रडू आवरलं नाही. त्यांची टर उडवणाऱ्यांपेक्षा मला आकडा लिहून देणारा तो माणूस जवळचा वाटतो.

आक्षेप असा की शक्यतेच्या भाषेत बोलणारा कधी खोटाच ठरत नाही. एका लढतीपुरतं ते खरं आहे. पण शंभर लढतींत ‘सत्तर टक्के शक्यता’ लिहिली, तर सत्तरच्या आसपास अंदाज बरोबर यायला हवेत. नव्वद आले तरी माझं काम कच्चंच, कारण मी उगाच भीत होतो. ‘काहीही होऊ शकतं’ म्हणणाऱ्याला हा हिशेब लावता येत नाही, म्हणून त्याला चर्चेत बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो: इतकी शंका असेल तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं? जूननंतर सहा महिन्यांच्या आत, लाडक्या बहिणींच्या खात्यांत १५०० रुपये येऊ लागल्यानंतर, विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांनी २३० जागा घेतल्या. ठाकरे, काँग्रेस आणि शरद पवार मिळून ४६वर थांबले. जूनचा निकाल आणि हे ४६ दोन्ही पोटात घेणारा पट्टा आधी दिला असता, तर तो बरोबर ठरला असता आणि कुणाच्या कामाचा राहिला नसता. यावर माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. सध्या मी रुंद पट्टाच देतो, आणि तो कोणत्या मतदारसंघांमुळे रुंद झाला त्यांची नावं खाली लिहितो.