वाकळीतलं वर्ष

चैत्र उतरणीला लागला की आमच्या गल्लीत बोहारीण येते. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची पातेली एकात एक बसवलेली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. यंदा तिची हाक ऐकू आली तशी मी माळ्यावरचं बोचकं खाली ओढलं. आमचा व्यवहार जिन्यातच चालतो. ती एकेक साडी उजेडाला धरते, दोन बोटांनी ताणून बघते आणि ढीग लावते. जॉर्जेट, पॉलिस्टर, थोडी जर असलेली साडी तिच्या बाजूला, आणि धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी माझ्याकडे परत. "ताई, ही विरलीय. हिला कोण घेणार?" तिचं खरं आहे. तिला ती पुढे विकायची असते आणि विरलेल्या सुताला बाजारात गिऱ्हाईक नाही. तिने एक झाकणाचा डबा दिला, पाच सुती साड्या नाकारल्या आणि ती पुढच्या जिन्याला गेली. मी त्या पाच साड्या छातीशी धरून आत आले. वाकळीला नेमकं हेच कापड लागतं.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या सातारा-कोल्हापूरकडचा हा शब्द. कर्नाटकात तिला कौदी म्हणतात, बंगालात कांथा. जिथे जिथे बायकांनी सुती वस्त्र नेसलं आणि ते अंगावर विरलं, तिथे तिथे ते थरावर थर घालून पुन्हा अंगावर आलं. नवं कापड सुईला अडतं आणि अंगाला टोचतं. वीस-पंचवीस वेळा धुतलेल्या सुतातली खळ निघून गेलेली असते, धागा सैल पडलेला असतो, आणि अशा पाच-सहा थरांच्या मधे जी हवा अडकून राहते तीच पौषाच्या थंडीत आपल्याला ऊब देते.

कृष्णाकाठच्या आमच्या घरी वाकळ शिवायची ती उन्हाळ्यात. रानातली कामं सरलेली, पावसाला अवकाश, आणि माजघरातली सारवलेली जमीन कोरडी ठणठणीत. आजी आधी लुगड्याचा हिशेब मांडायची. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, त्यातून माणसाच्या उंचीचे चार तुकडे निघतात आणि वर हात-दीड हात उरतं. लुगडं विरतं ते बसायच्या जागी आणि कासोट्यात. पदर बरा राहतो आणि काठ तर सगळ्यांत शेवटी जातो, कारण तिथली वीण घट्ट. म्हणून सगळ्यांत धड लुगडं खाली अस्तराला, फाटकंतुटकं मधे भर म्हणून, आणि वर जे दिसायला गोड असेल ते. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या, जे हाताला येईल ते वजन. मग तळव्यांनी सुरकुत्या कडेकडे सारत न्यायच्या. आजीचे तळवे खरखरीत होते. कापडावरून फिरताना त्यांचा आवाज व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो.

लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग खरा धावदोरा सुरू. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून आत आत येत. एका बाजूला आजी, समोर आई, मधल्या बाजूला शेजारच्या काकू. चार हात, सहा हात, ज्या दिवशी जेवढे जमतील तेवढे. आई नवी सून असताना तिचा टाका मोठा पडायचा. आजी ओरडायची नाही, ती फक्त म्हणायची, "दाबून घाल गं टाका. धुताना नदी सैल टाका सोडत न्हाई." आई "होय आत्याबाई" म्हणून उसवायची आणि पुन्हा घालायची. ती वाकळ पुढे वीस वर्षं टिकली. तिच्यातले आईचे पहिले टाके कुठले आणि नंतरचे कुठले हे आई बोट ठेवून दाखवत असे.

हे सगळं आठवताना एक गोष्ट मला लपवायची नाही. आजीची काटकसर ही तिची आवड नव्हती, ती तिच्या गळ्यात पडलेली होती. १९७२च्या दुष्काळात घरात नवं लुगडं आलंच नाही. त्या साली शिवलेल्या वाकळीत भर म्हणून घातलेल्या चिंध्या हातभर लांबीच्याही नाहीत, कुठे झंपराची बाही, कुठे धोतराचा सोगा. गरिबीचं कौतुक करायला मी बसलेले नाही. पण ज्या चिंधीला दुसरं कुणी हात लावला नसता ती उचलून, तिचा रंग शेजारच्या चिंधीशी जुळतो का हे त्या बाईने बघितलं होतं. लालच्या शेजारी हिरवं, हिरव्याच्या शेजारी पुन्हा लाल, आणि अगदी मधोमध इरकली काठाचा एक चौकोन. पोटाला मिलोची भाकरी होती त्या वर्षी. तो चौकोन मधोमध बसवल्याने ऊब काही वाढणार नव्हती. तरी तिने तो मापून मधोमध बसवला.

त्या चौकोनाला छंद म्हणायचं की नाही? आपल्या भाषेने या शब्दात दोन गोष्टी ठेवल्या आहेत. मनाला लागलेली ओढ म्हणजे छंद, आणि कवितेच्या ओळीचं माप म्हणजेही छंद. धावदोरा घालताना मला हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटतात. सुई खाली, सुई वर, तांदळाएवढा टाका, तांदळाएवढी जागा. अर्धा तास झाला की हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं होतं. दळताना बायकांना ओवी सुचायची ती अशाच वेळी सुचत असणार. आजी शिवताना गुणगुणायची, पण शब्द मोठ्याने कधी म्हटले नाहीत.

वर्षाचा हा सगळा फेरा घराच्या अंगावर काही ना काही चढवत जातो. चैत्रात गौरीची आरास आणि दारात चैत्रांगण. वैशाखात गच्चीवर कुरडया, आणि त्यांच्या खाली पसरायला पुन्हा एक जुनं लुगडंच. आषाढातल्या दिव्यांच्या अमावास्येला चिंचेच्या कोळाने घासलेल्या समया. भाद्रपदात मखर. थर्माकोलची मखरं महाराष्ट्रात २०१८ साली बंद झाली तेव्हा पुष्कळांना आता आरास कशी करायची असा प्रश्न पडला होता. आमच्याकडे तो पडला नाही. आमच्या गणपतीच्या मागे नेहमीच आईची डाळिंबी साडी चुण्या घालून लावलेली असे, आणि विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी ती घडी होऊन पुन्हा कपाटात.

गणपती गेले की घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी धुवायच्या. हा दिवस म्हणजे आम्हा मुलांचा सण. बैलगाडीत वाकळींचा डोंगर, वर आम्ही. नदीवर सगळं गावच लोटलेलं. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही इतकी जड होते. खडकावर टाकून, सोडा घालून ती पायांनी तुडवायची आणि मग दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पिळायची. दुपारपर्यंत नदीकाठचा प्रत्येक खडक, प्रत्येक झुडूप रंगीत झालेलं असायचं. कुणाच्या घरात यंदा कुठली लुगडी विरली, कुणाचा टाका बारीक आहे, कुणाची सून शिकली, हे सगळं तिथे उन्हात उघडं पडायचं. मी तेवढं सुंदर प्रदर्शन पुढे कुठल्याही कलादालनात पाहिलेलं नाही.

आणि मग चुना. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बाबा कळीच्या चुन्याचे खडे आणत. अंगणात पत्र्याच्या पिंपात पाणी भरून ते सोडले की पाणी खदखदायला लागे, चुलीशिवाय, जाळाशिवाय. आम्हाला दहा हात लांब उभं करत, कारण त्या उकळीचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायचा. रात्रभर तो निवत ठेवायचा. सकाळी फडक्यातून गाळायचा, आणि त्यात डिंकाचं पाणी, मूठभर मीठ आणि नावापुरती नीळ घालायची. डिंकाने चुना हाताला कमी लागतो. निळीने पिवळसरपणा मरतो आणि पांढरा रंग डोळ्याला जास्त पांढरा दिसतो. घायपाताच्या वाकाचा कुंचा पाण्यात भिजवून ठोकून मऊ करायचा आणि भिंतीला पहिला हात द्यायचा. ओला असताना भिंत अगदी निराश करते, कळकट पाणी फासल्यासारखी. मग ती वाळते, आणि वाळता वाळता आपल्या डोळ्यांसमोर पांढरी होत जाते. तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो, ज्या चुनखडीतून भट्टीत भाजून निघाला तीच चुनखडी. भिंतीवर पातळसा दगड चढवत होतो आम्ही दरसाल. शाळेत हे रसायनशास्त्रात शिकवलं तेव्हा मी एकटीच हसले होते वर्गात, आनंदाने.

तुळशीवृंदावनाला गेरू, उंबऱ्याला गेरू, त्यावर ओल्या रांगोळीची दोन बोटं. भाऊ बांबूच्या कामट्यांचा कंदील बांधे. पतंगी कागद, कणकेची खळ आणि खाली झिरमिळ्या. या सगळ्याला मिळून जो खर्च यायचा त्यात आज एक तयार कंदीलही येत नाही. पण मला पैशाचं एवढं सांगायचं नाही. त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा हात घराच्या कुठल्या ना कुठल्या भागावरून फिरलेला असायचा. कुठली भिंत कुठे ओली धरते, उंबऱ्याचं लाकूड कुठे किडलंय, हे त्या हातांना कळायचं. पैसे देऊन रंगवून घेतलेलं घर दिसतं चांगलं. ओळखीचं होत नाही.

पौषात आई हलवा करायची. शेगडीवर मंद निखारे, परातीत तीळ किंवा खसखस, आणि चमचा चमचा पाक घालत बोटांच्या टोकांनी हलवत राहणं. एकेक थर वाळला की पुढचा चमचा. दोन-तीन दिवस हे चालायचं, तेव्हा कुठे दाण्यावर काटा उभा राहायचा. घाई करून पाक जास्त घातला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. त्या हलव्याचे दागिने माझ्या लेकीच्या बोरन्हाणाला आईने केले होते, काळ्या झबल्यावर घालायला. ते झबलंही जुन्या चंद्रकळेचं.

आता मी शहरात राहते, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. इथे चुना नाही, सारवण नाही, भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. पहिली दोन वर्षं मी त्या घरात पाहुणीसारखी राहिले. मग एका सुट्टीत आईची फिकी निळी नारायणपेठी साडी काढली. साडेपाच मीटरची साडी, सात फुटांच्या खिडकीला तिचे दोन पडदे बसतात आणि पदराकडचा तुकडा उरतो. साडीला दोन्ही बाजूंनी काठ तयार असतो, म्हणजे लांबीच्या कडा दुमडायला नकोत. वर नळी शिवायची, खाली दोन बोटं पट्टी, झालं. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन त्या विरलेल्या निळ्यातून गाळून आत आलं आणि फरशीवर काठाची चौकड उमटली. त्या दिवसापासून मी त्या घराला आमचं घर म्हणायला लागले. पदराचा उरलेला तुकडा देवाच्या खाली अंथरला आहे. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला खाली भोकं पाडून, वर गेरूचा हात देऊन त्यात तुळस लावली. बिस्किटाच्या जुन्या डब्यात सुया, रिळं, बटणं आहेत. कुठल्या घरात नाहीत?

बोहारणीने परत केलेल्या त्या पाच साड्या मी वैशाखात जमिनीवर पसरल्या. आजीचा पाटा-वरवंटा गावी राहिला, तर कोपऱ्यांवर शब्दकोश ठेवले. लेक समोर बसली. तिचा टाका मोठा पडतो. मी तिला आजीचं वाक्य सांगितलं, तिने उसवून पुन्हा घातला. शिवणयंत्रावर ही वाकळ दोन दिवसांत झाली असती. हाताने शिवायला आम्हाला मृगापर्यंतचे दिवस लागले, रोज रात्री जेवणानंतर तासभर. त्या तासात ती मला जे सांगत असे ते एरवी समोरासमोर बसून विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं. पाच साड्या, बाबांचं एक धोतर, आणि मधोमध आजीच्या लुगड्याच्या काठाचा चौकोन. काट्यावर ठेवली तर दोन किलो सहाशे ग्रॅम भरली.

तुम्ही शिवायला बसणार असाल तर पहिल्यांदा लहान काहीतरी घ्या, बाळाचं दुपटं घ्या. कापड धुऊन, वाळवून, मगच मापा. दोरा जाड सुती घ्या, नायलॉनचा नको, तो जुन्या सुताला कापतो. दोघींनी बसा. आणि घट बसायच्या आधी, नदी नसली तरी गच्चीवरच्या नळाखाली, ती एकदा पायांनी तुडवून धुवा आणि दिवसभर उन्हात टाका.