रात्रीची बेल

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रात्री उठायचं झालं तर मला बोलावण्यासाठी बेल हवी, असं ठरलं. बाजारात ती तयार मिळते. पण चिरंजीवांच्या कपाटात एक आर्डुइनो, 433 मेगाहर्ट्‌झचा एक रिमोट आणि त्याचा रिसीव्हर पडून होता. फुकट वस्तू दिसली की वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही विज्ञान सुचतं.

पहिल्याच रात्री बेल वाजली. धावलो. "मी कुठे बोलावलं?" आई म्हणाली. पहाटेपर्यंत अशा तीन फेऱ्या झाल्या. सौ. म्हणाली, "अहो, ऑपरेशन आईंचं झालंय. चालायचा व्यायाम तुम्ही का करताय?"

चिरंजीवांनी निदान केलं. हा स्वस्तातला रिसीव्हर कधी गप्प बसतच नाही. कुणी बोलत नसलं की तो आपले कान अधिकाधिक टवकारतो आणि मग हवेतली खरखरच त्याला बोलणं वाटू लागते. (आमच्या शेजारी असे एक गृहस्थ आहेत.) त्यात माझा प्रोग्रॅम भोळा. आधी मोठी विश्रांती आणि मागून चोवीस ठोके, एवढं दिसलं की वाजव बेल!

मी सतरा सेंटिमीटर तारेची एरियल जोडली. रिमोट लांबून ऐकू येऊ लागला, पण खरखर होती तिथेच. मग खरखर गिळायला एक जाडजूड कपॅसिटर लावला. त्यानं खरखर गिळली आणि तिच्याबरोबर आईची हाकही.

शेवटी आमचा बँकेचा धंदाच कामी आला. काउंटरवर गर्दी होते म्हणून आपण काउंटर बंद करत नाही. चेक तपासून घेतो. रिमोटचा आखूड ठोका साधारण 350 मायक्रोसेकंदांचा आणि लांब त्याच्या तिप्पट. प्रत्येक ठोका मोजायचा. थोडं इकडेतिकडे चालेल, सह्या तरी कुठे तंतोतंत जुळतात? पण फार फरक दिसला की चेक परत. शिवाय बटण दाबून धरलं की रिमोट तोच संकेत पुन्हा पुन्हा पाठवतो. तेव्हा लागोपाठ दोनदा तोच आला, तरच खरा. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळायलाच हवी!

त्या रात्री बेल एकदाही वाजली नाही. मी मात्र टक्क जागा. एवढ्या शांततेत माझेच कान टवकारत चालले होते. दोन वाजता न राहवून मागच्या खोलीत गेलो. आई जागीच होती.

"बेल बिघडली वाटतं?" ती म्हणाली.

"नाही गं, आज दुरुस्त झाली."

"असं होय," आई म्हणाली. "कालपर्यंत येत होतास, म्हणून विचारलं."

प्रोग्रॅम मी बदललेला नाही. तो अगदी चोख चालतो. फक्त रात्री दोनच्या सुमाराला, कुणी बटण न दाबता, मला एक बेल ऐकू येते. ती मी तपासत नाही.