शेवटच्या पोर्टवरचे फोन

पाऊस लागला की दुसऱ्या मजल्यावरचे फोन बंद पडतात, अशी नर्सिंग स्टाफची तक्रार होती. एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं नेटवर्क मी सांभाळतो. तिथे पावसाळ्यात काहीही बिघडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो: केबलमध्ये पाणी शिरलं. केबलवाल्याला बोलावलं, त्याने टेस्टर लावला, आठही तारा ठणठणीत निघाल्या. फोन मात्र संध्याकाळी बंद पडायचे, थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचे आणि पुन्हा बंद.

कोडं सुटलं ते एका सिस्टरमुळे. त्या म्हणाल्या, "दादा, पाऊस पडायलाच पाहिजे असं काही नाही. नुसतं आभाळ भरून आलं तरी बंद पडतात. ऊन असलं की सातपर्यंत चालतात." म्हणजे भानगड ओलाव्याची नव्हती, अंधाराची होती. आणि अंधार पडल्यावर आमच्याकडे बदलणारी गोष्ट एकच: कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात.

आमचे फोन, कॅमेरे आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट या सगळ्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. याला पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात, बोलताना पीओई. २००३ च्या मानकात स्विचचं एक पोर्ट जास्तीत जास्त १५.४ वॅट देई, त्यातले १२.९५ उपकरणाला मिळतील असं धरलेलं, बाकीचे शंभर मीटरच्या तारेत जिरतात. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅटवर गेली, २०१८ मध्ये ९० वर. पण ही झाली एका पोर्टची ऐपत. सगळ्या पोर्टना मिळून वीज पुरवणारा वीजपुरवठा एकच असतो आणि त्याची मर्यादा वेगळी. आमच्या स्विचला पोर्ट चोवीस, बजेट १९५ वॅट. पूर्ण ३० वॅट द्यायचे म्हटले तर सहाच पोर्टना पुरतील. खोक्यावर मात्र ठळक अक्षरात '२४ पोर्ट' एवढंच असतं.

त्या स्विचवर पाच ॲक्सेस पॉइंट, दहा साधे कॅमेरे, फाटकावरचा एक फिरता कॅमेरा आणि सहा फोन होते. दिवसा सगळं मिळून १४० वॅटच्या आसपास. अंधार पडला की साधा कॅमेरा पाचावरून नऊ वॅटवर जातो, फिरता कॅमेरा बारावरून चोवीसवर. झाले १९२. त्यातच संध्याकाळची भेटीची वेळ. नातेवाइकांचे मोबाइल वायफायवर येतात आणि ॲक्सेस पॉइंट आणखी थोडी वीज ओढतात. बजेट ओलांडलं की स्विच कुणाला तरी खाली उतरवतो. नोंदी उघडल्या तर 'वीज नाकारली' असे संदेश ओळीने होते, सगळे एकोणीस ते बावीस या पोर्टवरचे. फोन बंद झाले की थोडी वीज मोकळी होते, स्विच त्यांना पुन्हा उठवतो, फोन सुरू होऊन नोंदणी करेपर्यंत बजेट परत ओलांडलेलं असतं.

नेमके फोनच का? तर सगळ्या पोर्टची प्रायॉरिटी कारखान्यातून आली तशी 'लो' होती, आणि सगळे सारखे असले की आमचा स्विच लहान क्रमांकाच्या पोर्टला आधी देतो. पाटाच्या पाण्यासारखं: मुखाकडच्यांची रानं भिजतात, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. फोन सगळ्यात शेवटी आले, म्हणून टेलला.

'क्रिटिकल', 'हाय', 'लो' एवढ्या तीनच पायऱ्या. कमांड अर्ध्या मिनिटाची. पण कुणाला कुठे बसवायचं हे मी एकट्याने ठरवणं मला पटेना, म्हणून बैठक घेतली. अकाउंट्सचं म्हणणं, बिलिंगचं वायफाय बंद पडून चालणार नाही. एका विश्वस्तांना पार्किंगचा कॅमेरा 'क्रिटिकल' हवा होता. तो ते घरी मोबाइलवर बघतात. मेट्रन मॅडमनी विचारलं, "रात्री पेशंट अत्यवस्थ झाला तर डॉक्टरांना बोलवायला मी कॅमेऱ्याकडे हात हलवू का?" त्यावर कुणी बोललं नाही. सगळेच 'क्रिटिकल' केले तर पुन्हा पोर्टचा क्रमांकच निकाल लावणार, हेही मी सांगितलं.

शेवटी वॉर्ड आणि आयसीयूचे फोन 'क्रिटिकल', ॲक्सेस पॉइंट 'हाय', कॅमेरे 'लो'. फाटकावरच्या फिरत्या कॅमेऱ्याला स्वतंत्र इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये बाहेरून वीज सोडणारा डबा, लावून स्विचच्या बजेटमधून काढला. एवढ्यानेच रात्रीचे चोवीस वॅट सुटले. विजेचं वाटप उपकरणाच्या दर्जानुसार, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज ओढू शकतं त्यानुसार, न ठेवता प्रत्यक्ष वापरानुसारच राहू दिलं. दर्जानुसार आमच्या यादीची बेरीज ३७६ वॅट होते, म्हणजे निम्मी उपकरणं कागदावरच अंधारात गेली असती. वापरानुसार वाटपात हात सैल राहतो, पण मग रात्रीच्या आकड्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

नवा कॅमेरा लावायला येणारा माणूस रिकामं पोर्ट बघतो, वॅट बघत नाही. तुमच्याकडे असा स्विच असेल तर त्याचा पीओईचा आकडा एकदा दिवेलागणीनंतर बघा, आणि फोन कितव्या पोर्टवर आहेत तेही.