चार आठवड्यांसाठी नैरोबी

निर्मळ, वसई
मृगाचा पहिला आठवडा

चि. बाय,


चार आठवडे नैरोबीच्या शाळेत शिकवायला जाण्याचं तुझं जवळजवळ ठरलंय, हे वाचलं. संस्था तिकिटासोबत ‘कार्बन भरपाई’चेही पैसे घेते, म्हणजे प्रवासाचा कुणाला भार नाही, असं तू लिहितेस. तुझी ओढ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या भरपाईबद्दल मात्र मोकळेपणानं लिहितो.

मुंबई ते नैरोबी साधारण साडेचार हजार किलोमीटर, जाऊन-येऊन नऊ हजार. एका प्रवाशाच्या वाट्याला त्यात ढोबळमानानं पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. आपल्या देशात माणशी वर्षाकाठी सरासरी सुमारे दोन टन निघतो. म्हणजे साध्या माणसाचा पाच-सहा महिन्यांचा वाटा तू दोन उड्डाणांत संपवणार.

आता भरपाई. कुठेतरी जंगल राखलं जातं, कुठे सुधारित चुली वाटल्या जातात, आणि त्यामुळे टळलेल्या प्रत्येक टनाचं प्रमाणपत्र विकलं जातं. कल्पना वाईट नाही. पण ‘टळलेला’ टन मोजायचा कसा? आपल्या खाडीकडेची तिवरं घे. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली. उद्या कुणी नायगावकडची तिवरं ‘वाचवली’ म्हणून प्रमाणपत्रं विकायला काढली, तर तुझ्या विमानाचं काय फिटलं? ती कायद्यानं राखायचीच होती. आणि एखाद्या रात्री डंपरनं भराव टाकून ती बुजवली, तर विकलेला टन गेलाच, शिवाय चिखलात शेकडो वर्षं साठत आलेला कार्बनही मोकळा होणार. हा नुसता तर्क नाही. 2023 मध्ये ब्रिटनचं ‘गार्डियन’ आणि जर्मनीचं ‘दी त्साइट’ यांनी मिळून जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेची वर्षावनांची प्रमाणपत्रं तपासली. त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक बहुधा पोकळ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्थेनं तो नाकारला. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून पैसे देऊ नकोस, असं मी म्हणत नाही. दे, पण देणगी म्हणून दे. विमानाच्या टनातून ते वजा करू नकोस. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं विहिरींच्या पाण्यासाठी, वाड्यांसाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा कुणाचा हिशेब कोरा करून द्यायला उतरली नव्हती. बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजली, टँकर भरभरून पाणी गेलं आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या, हे त्यांना दिसत होतं.

उड्डाणाचा भार हलका करण्याचा मला एकच भरवशाचा मार्ग दिसतो: कमी वेळा जाणं आणि गेलं की राहणं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठव. 1938 मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. 1 सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली, तेव्हा कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. बोटीलाही इंधन लागलंच की! पण तो एकच प्रवास होता. तिकडे असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्या भाषेत तिथल्या मुलांना वैद्यक शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. चार वर्षांत त्यांनी शिकवलेले हात त्यांच्यामागे काम करत राहिले.

तुला कोटणीस हो म्हणत नाही. पण चार आठवड्यांत मुलांची नावं पाठ होतात न होतात तोच निरोप समारंभ येतो. मग पुढच्या तुकडीची ताई येते आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून आपलं नाव सांगू लागतात. त्या वर्गाला स्वाहिली बोलणारी, तिथेच राहणारी शिक्षिका हवी असते, आणि तुझ्या तिकिटाच्या पैशांत तिचे काही पगार निघू शकतील. शिकवायचंच असेल तर आपला पालघर जिल्हाही आहे. अनुताई वाघ 1945 मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या वारली मुलांमध्ये राहिल्या, त्या 1992 मध्ये जाईपर्यंत. विरारहून डहाणू लोकल आजही जाते, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मुलं आजही आहेत.

तरीही नैरोबीलाच जावंसं वाटलं तर जा. मात्र पैसे भरण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः पत्र लिही, मधल्या संस्थेमार्फत नको. तुम्हाला नेमकं काय हवंय, आत्ता तो वर्ग कोण घेतं, आणि मी परतल्यावर कोण घेणार, एवढं विचार. ‘किमान वर्षभर या’ असं उत्तर आलं आणि तू वर्षासाठी निघालीस, तर तिकिटाचा अर्धा खर्च माझा. उत्तर येईल तसं कळव.

तुझा,
मामा