लेकीच्या बाळंतपणासाठी ९० दिवस

लेकीला दिवस गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. वय ६२. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती. लेक जर्मनीत, स्टुटगार्टला. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी दुसऱ्या देशाची परवानगी काढावी लागते, ती कशी काढतात, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पासपोर्टचा अर्ज कोल्हापूरच्या टपाल कार्यालयातल्या सेवा केंद्रात दिला. साठी ओलांडलेल्यांना पहिल्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सवलत असते, म्हणून १५०० ऐवजी १३५० रुपये पडले. अडलं ते नावापाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि त्यातही नावाला कुणीतरी 'बाई' जोडलेली. लेकीच्या जन्मदाखल्यात आई म्हणून माझं नुसतं नाव, बाईशिवाय. गावात मला कुणी कधी विचारलं नाही की या तिघी एकच का! आधी आधारमधली 'बाई' काढली, लग्नाचा दाखला जोडला, मग पोलीस पडताळणी झाली. आपल्याकडे बाईचं मधलं नाव लग्नानंतर बदलतं, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी हाती घ्यावं, असं मी आता प्रत्येकीला सांगते. व्हिसाचा अर्ज, विमा, तिकीट, सगळं पासपोर्टवरच्या नावाबरहुकूम लागतं.

व्हिसाच्या कागदांची यादी लेकीनं पाठवली. 'शेंगेन' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. जावयांनी समजावून सांगितलं, हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथं करार केला, आणि आज २९ देश त्या एका व्यवस्थेत आहेत. एका देशाच्या व्हिसावर बाकीच्यांतही फिरता येतं. इंग्लंड मात्र त्यात नाही.

तिकडून जावयांचं हमीपत्र आलं. त्याचं जर्मन नाव मला आजही म्हणता येत नाही. पगाराच्या पावत्या घेऊन ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले, २९ युरो भरले आणि माझ्या राहण्या-खाण्याचा, दवाखान्याचा, परतीचाही खर्च आपण देऊ असं लिहून दिलं. मूळ कागद लागतो, फोटो चालत नाही, म्हणून तो कुरिअरनं आला. मी तो दोनदा वाचून घेतला. जावयानं सासूची अशी लेखी हमी घ्यायची, याचं आधी मनाला लागलं. मग वाटलं, परक्या देशानं तरी भरवसा कशावर ठेवायचा?

इकडून पेन्शनचे कागद, बँकेचे उतारे, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, आणि आपण परत येणार आहोत याचा पुरावा. हा पुरावा काय द्यायचा, यावर मी आणि हे तीन रात्री बोलत बसलो. घर, म्हैस, शेत, बासष्ट वर्षांचा गोतावळा, यापेक्षा वेगळा पुरावा कुठून आणणार? शेवटी सातबारा काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि अर्जाला लावलं.

पुण्याच्या अर्ज केंद्रात शुल्क ९० युरो, म्हणजे त्या दिवशीच्या दरानं रुपयांत. तिथली मुलं कागद तपासून घेतात, निर्णय वकिलातीचा असतो, हे मला उशिरा कळलं. तोवर मी काउंटरवरच्या मुलीलाच हात जोडून विनवत होते. दहाही बोटांचे ठसे घ्यायचे होते. खडू आणि शेण यांनी झिजलेली बोटं, यंत्रावर उमटेनात. तिनं न कंटाळता चार वेळा बोटं पुसून दिली. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, म्हणजे पुढच्या अर्जाला ती कसरत टळते.

पासपोर्ट परत आला तेव्हा आतल्या पानावर व्हिसा चिकटवलेला होता. अक्षरं जर्मन. तारखा तेवढ्या वाचता आल्या: १२ मे २०२५ पासून २४ ऑगस्ट २०२५ पर्यंत. मी हरखून गेले. परतीचं तिकीट ८ ऑगस्टचं होतं, आणि इथं सरळ सोळा दिवस जास्त मिळालेले. २७ ऑगस्टला गणपती. २३ तारखेला निघाले तरी हरतालिकेच्या आधी घरी! तालुक्यातल्या एका एजंटाला दाखवलं, तोही म्हणाला, ''मावशी, चोवीसपर्यंत आहे, बिनधास्त राहा.'' शेजारी सांगून झालं, तिकीट बदलायचे पैसेही काढून ठेवले.

रात्री लेकीला फोन केला. ती एकदम म्हणाली, ''आई, थांब. तारखांच्या खाली आणखी एक आकडा आहे बघ.''

होता. ९०. शेजारच्या रकान्यात 01.

तिनं सांगितलं ते मी कालनिर्णय समोर ठेवून मोजलं. दोन तारखा म्हणजे दार किती काळ उघडं आहे ते. प्रवास दोन दिवस मागेपुढे झाला तर अडू नये म्हणून १५ दिवस वाढवून दिलेले असतात. आत राहायचे दिवस मात्र ९०च. पोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. मेचे २०, जूनचे ३०, जुलैचे ३१, झाले ८१. उरले नऊ. म्हणजे ९ ऑगस्ट हा शेवटचा दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि 01 म्हणजे एकदाच आत. या देशांबाहेर पाऊल पडलं की उरलेले दिवस असूनही परत येता येत नाही. असे ९० दिवस संपले की लगेच नवा व्हिसा काढून राहू म्हणावं, तर तेही नाही. कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९०च.

मला त्या रात्री झोप लागली नाही. एजंटाचं ऐकलं असतं तर १५ दिवस बेकायदा राहिले असते. त्याची नोंद होते, पुढचा व्हिसा अडतो, आणि लेकीचं दुसरं बाळंतपण आलं तर मी दारातच. मुलांना हातचे धरून बेरीज शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण ही बेरीज मांडायचीच सुचली नव्हती.

निघताना दोन किलो साजूक तूप घरीच ठेवावं लागलं. युरोपात बाहेरून दूधदुभतं आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. ताजी फळं-भाजी न्यायची तर दाखला लागतो, सूट फक्त अननस, केळी, खजूर, डुरियन आणि नारळ यांना. नारळाचं नाव वाचून बरं वाटलं. डिंक तेवढा नेला. लाडवांचं तूप मी तिकडच्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवलं, आणि चांगलं कणीदार झालं.

फ्रँकफर्टला अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी, किती दिवस? लेकीनं घोकून घेतलेली दोन इंग्रजी वाक्यं बोलले आणि हमीपत्र, विमा, परतीचं तिकीट पुढे केलं. हे सगळं हातातल्या पिशवीत होतं, मोठ्या बॅगेत नव्हतं, म्हणून निभावलं. शिक्का बसला, १२ मे. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे, तेव्हा दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवणार.

नात १ जुलैला झाली. बारसं झालं, रोज अंघोळ-शेक झाला, सव्वा महिना जेमतेम पुरा झाला. त्यापुढे तिला कुणी तेल लावलं नाही, ही रुखरुख आहे. पण पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का ८ ऑगस्टचा आहे. माझा तो ८९ वा दिवस होता.