वाट पाहणाऱ्यांचे हात

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेला ‘मशीहा’ हा शब्द हिब्रू भाषेतून आला असून ‘ज्याचा तेलाने अभिषेक झाला आहे तो’ असा त्याचा अर्थ आहे; प्राचीन इस्राएलात राजाच्या आणि याजकाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला नेमलेल्या कामासाठी वेगळे काढले जाई, आणि याच शब्दाचे ग्रीक रूप मराठीत ‘ख्रिस्त’ म्हणून रुजले. त्यामुळे ‘येशू ख्रिस्त’ असे म्हणणे ही मुळात एक कबुली आहे: पिढ्यान्पिढ्या ज्याची वाट पाहिली तो हाच. हा अभिषेक मानापेक्षा कामासाठी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मशीहाची आशा आणि मंडळीतली, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायातली, सेवा या एकाच मुळाला फुटलेल्या दोन फांद्या आहेत, हे उमगू लागते.

परचक्र आणि बाबेलचा बंदिवास भोगलेल्या इस्राएलाने दाविदाच्या वंशातल्या विजयी राजाची वाट पाहिली, हे स्वाभाविकच होते. परंतु यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात त्या राजाच्या जोडीने दुसरेही एक चित्र येते, ते दुसऱ्यांचे दुःख अंगावर घेणाऱ्या, तुच्छ लेखल्या गेलेल्या सेवकाचे. शुभवर्तमानांनी ही दोन्ही चित्रे येशूच्या ठायी एकत्र पाहिली. नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून त्याने दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका सांगणाऱ्या अभिषिक्ताचा उतारा वाचला व तो आजच पूर्ण झाला असे सांगितले. पुढे अखेरच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले. ज्याची वाट पाहायची तोच सेवक असेल, तर त्याची वाट हात बांधून पाहता येत नाही. म्हणूनच आरंभीच्या मंडळीत विधवांना रोजचे अन्न वाटताना हयगय होऊ लागली तेव्हा त्या कामासाठी सात जणांची निवड झाली. ‘डीकन’ ही पदवी ज्या ग्रीक शब्दापासून आली, त्याचा साधा अर्थ सेवा करणारा, पंगतीत वाढणारा असा आहे.

मराठीत या आशेला पहिले विस्तृत काव्यरूप दिले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले; दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराची, म्हणजे प्रतीक्षेची कथा सांगते आणि दुसरे पुराण येशूचे चरित्र. तारणाऱ्याच्या जन्मापूर्वी श्रोत्यांना इतक्या ओव्या थांबवणाऱ्या या कवीला प्रतीक्षेचे मोल पुरते ठाऊक असले पाहिजे. ज्या भाषेत तो लिहीत होता तिलाही ते परके नव्हते. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवालाच विटेवर थांबवले, ही कथा मराठी मनाने जिवापाड जपली आहे. दोन्ही परंपरांचे सिद्धान्त वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहावेत, तथापि हातातली सेवा सोडून देवाकडे धावावे लागत नाही, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मराठवाड्यात पावसाची वाट पाहणे हा ऋतुचक्राचाच भाग आहे. नांदेडलगतच्या विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी अडवले जाते, परंतु शेते नदीच्या पात्राहून उंचावर असल्यामुळे ते आपसूक तेथवर पोहोचत नाही, ते उपसावे लागते. उपसा जलसिंचन म्हणतात ते हेच. पाऊस कोणाच्या कष्टाचे फळ नसतो, तो मिळतो. मात्र मिळालेले पाणी उंचावरच्या शिवारापर्यंत नेण्याचे काम माणसांवर सोपवलेले असते. ख्रिस्ती विचारात कृपा आणि सेवा यांचे नाते असेच आहे: सेवेने कृपा कमावता येत नाही, पण कृपा लाभलेल्याला ती दुसऱ्याच्या बांधापर्यंत नेल्यावाचून राहवत नाही.

नांदेडचे कॅथलिक भाविक 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचे क्षेत्र, आणि त्यातील एका धर्मगुरूकडे सोपवलेला स्थानिक समुदाय म्हणजे धर्मग्राम. प्रोटेस्टंट परंपरेत याच समुदायाला मंडळी आणि तिच्या धर्मसेवकाला पाळक म्हणतात. जेथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी असतात तेथे प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम येतेच. उपासनेपूर्वी सतरंज्या झटकून अंथरणे, पेटीचा सूर आणि ढोलकीची शाई पाहून ठेवणे, रविवारच्या शाळेतल्या मुलांकडून वचन पाठ करून घेणे, डिसेंबरच्या गारठ्यात आगमनकाळाची मेणबत्ती वाऱ्यापासून ओंजळीने जपत पेटवणे, ही ती कामे. आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा काळ. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक पेटते आणि आलेल्या ख्रिस्ताच्या स्मरणाबरोबर पुन्हा येणाऱ्या ख्रिस्ताची आशाही वाढत जाते. ‘आला आहे’ आणि ‘येणार आहे’ या दोन क्रियापदांच्या मध्ये जो अवकाश उरतो, तोच मंडळीच्या सेवेचा काळ होय.

हा अवकाश मंदिराच्या भिंतींपाशी संपत नाही. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दूरदूरच्या तालुक्यांतून रुग्ण येतात, आणि त्यांच्यासोबत आलेली माणसे गाठोड्याला टेकून डॉक्टरांच्या एका शब्दाची वाट पाहत बसतात. अशा माणसाशेजारी बसणे, त्याचा कागद वाचून खिडकी दाखवणे, डबा उघडून अर्धी भाकरी पुढे करणे, यात उपदेशाचा एक शब्दही नसतो. तरीही पाय धुणाऱ्या प्रभूची ओळख पटण्यास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची अखंड परंपरा जपणाऱ्या नांदेडला अन्नाच्या पंगतीचे पावित्र्य वेगळे सांगावे लागत नाही.

आशा आणि सेवा यांची गाठ किती घट्ट असू शकते, याची साक्ष केडगावात आहे. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात होरपळलेल्या मुलींना व स्त्रियांना तेथील मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला आणि त्याच गजबजाटात हिब्रू व ग्रीक मूळ संहितांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. छापखान्यात खिळे जुळवणारे हात मिशनमधल्या स्त्रियांचेच होते. 1922 मध्ये रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जगाने टाकून दिले होते, त्यांनीच तारणाऱ्याच्या आशेचे एकेक अक्षर जुळवले.

सेवेलाही कीड लागू शकते. कमिटीतले पद, पुढच्या रांगेतली खुर्ची, कोनशिलेवरचे नाव यांची ओढ लागली की अभिषेकाचे तेल पुन्हा मानाकडे ओघळू लागते. अशा वेळी लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना आठवावी. चौऱ्याऐंशी वर्षांची ही विधवा मंदिर न सोडता उपास आणि प्रार्थना करीत रात्रंदिवस सेवेत असे. तिला पद नव्हते, अधिकार नव्हता. गरिबाघरचे चाळीस दिवसांचे बाळ मंदिरात आणले गेले तेव्हा ज्या थोड्यांनी त्याला ओळखले, त्यांत ती होती. इतकी वर्षे तिने त्याची वाट पाहिली ती सेवा करीतच, आणि तो आला तोही तिच्या रोजच्या सेवेच्या जागी.