गोमेद नव्हे, उपल

आमच्या आत्याबाईंची अंगठी घरात कायम 'गोमेदाची' म्हणून ओळखली गेली. ओळखली गेली म्हणजे तिचा उल्लेख टाळला गेला. 1956 साली, लग्न झाल्या-झाल्या, त्यांच्या यजमानांनी ती जुन्या वस्तूंच्या बाजारातून हौसेने घेतली. अकरा महिन्यांनी ते विषमज्वराने गेले. गोमेद हा राहूचा खडा. सासरच्या मंडळींना एवढे कारण पुरले. खड्याचा दोष खडा घालणारीकडे सरकायला वेळ लागला नाही, आणि विशीतल्या आत्याबाई घाटकोपरला भावाच्या बिऱ्हाडी परतल्या. आज त्या नव्वदीत आहेत आणि मुलुंडला आम्हा उभयतांपाशी असतात.

यंदा बँकेतला लॉकर बंद करताना ती अंगठी आम्ही रत्नपरीक्षेसाठी दिली. खडा कोंदणातून न काढताच उलगडा झाला. गोमेदाचा वक्रीभवनांक 1.74च्या आसपास असतो, याचा 1.45 भरला. खडा 'फायर ओपल' निघाला: केशरी, पारदर्शक, बहुधा मेक्सिकोतला. रंगाने दोघे इतके जवळचे, की नुसत्या डोळ्यांनी कोणीही फसावे. आतल्या बाजूस 15 आणि .625 असे ठसे आहेत. 15 कॅरटची ही प्रत ब्रिटनमध्ये 1854 ते 1932 एवढ्याच काळात मान्य होती. अर्थात अंगठी आत्याबाईंच्या जन्माआधीची.

भाषा शिकवणाऱ्यांना इथे थोडे थांबणे भाग आहे. 'ओपल' हा शब्द लॅटिन-ग्रीकमार्गे संस्कृत 'उपला'पर्यंत नेण्याची व्युत्पत्ती अनेक कोशांत आढळते. उपल म्हणजे साधा दगड. मेघदूतात विंध्याच्या पायथ्याशी रेवा ज्या खडकाळीत विखुरते, तिथे कालिदासाने हाच शब्द योजला आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनीने तर भारतालाच ओपलची जननी म्हटले, आणि आपल्या नवरत्नांत मात्र ओपलला जागा नाही! शब्द इथून गेला असेल तर तो दगड म्हणून गेला आणि रत्न होऊन परतला, असे म्हणावे लागेल.

खरे नाव तेव्हाच कळते तर आत्याबाई सुटल्या असत्या का, यावर आम्हा दोघांत बराच वाद झाला. ज्योतिषी आज ओपल देतात तो शुक्रासाठी, हिऱ्याला पर्याय म्हणून; आणि शुक्र तर दांपत्यसुखाचा कारक. पण ही अंगठी मुळात ज्या साहेबी घरातली असेल, तिथेही ओपलची धास्ती होतीच. वॉल्टर स्कॉटच्या 1829 सालच्या 'अ‍ॅन ऑफ गायरस्टाइन' या कादंबरीत नायिकेच्या आजीच्या केसांतल्या ओपलवर तीर्थाचे थेंब पडतात, खडा निस्तेज होतो आणि पुढे तिची केवळ राख उरते. या कथेनंतर ओपलला अपशकुनी मानू लागले, असे सांगितले जाते. एका कादंबरीने एवढे केले असेल तर पंचांगाने काय केले नसते? दोष द्यायचाच असला की नाव कोणतेही चालते, असे आमच्यातल्या एकाचे मत. दुसऱ्याचे मत असे, की निदान राहू तरी टळला असता. हा वाद अजून मिटलेला नाही.

आत्याबाईंना सांगावे की नाही, याचा निर्णय त्याहून कठीण होता. सत्तर वर्षे ज्या नावाखाली काढली ते नावच खोटे होते, हे नव्वदीत ऐकवणे म्हणजे दया की क्रौर्य? शेवटी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग तेव्हा कुणी दाखवून का नाही आणला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. जरा वेळाने म्हणाल्या, "आण बघू इकडे."

सुजलेल्या सांध्यामुळे अंगठी पेरापुढे सरकेना. माप वाढवायचे तर डाग द्यावा लागेल, असे सोनार म्हणाले. ओपलच्या पोटात पाणी असते, आच लागली तर तो तडकायचा. आधी खडा उतरवावा लागेल आणि तो उतरवण्याची हमी ते घेणार नाहीत. आत्याबाईंनी करंगळी पुढे केली. तिथे ती सैल होते, म्हणून मागच्या बाजूला दोरा गुंडाळून दिला आहे.